योनासने गाळलेलं वाक्य

आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या डून लेरीत आमच्या शेजारी योनास विर्बिकास राहतो. जन्म लिथुआनियाचा, वय सदुसष्ट, धंदा मरण्याचा. तीस वर्षांत पडद्यावर तो एक्केचाळीस वेळा मेलाय. कधी रशियन हेर, कधी जर्मन अधिकारी, बहुतेकदा पहिल्या दहा मिनिटांतच. नाटकांतही तेच, दाढीवाला संशयास्पद परका. एवढा कसलेला नट आणि त्याला नुसता ओव्हरकोट चढवून गोळ्या घालतात, याची मला मनस्वी चीड यायची.

गेल्या वर्षी डब्लिनच्या एका छोट्या थिएटरात त्याला पहिली मोठी भूमिका मिळाली. एनिस नावाच्या आयरिश गावचा म्हातारा पोस्टमन, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. घरी तालमीला समोरची सगळी पात्रं मी वाचायचे. पुण्यात कॉलेजच्या नाटकांना मी प्रॉम्प्टिंग केलंय, त्यामुळे हे काम माझ्या अंगवळणी पडलेलं.

प्रयोगाला आठवडा असताना दिग्दर्शकाने त्याच्या तोंडी एक वाक्य घुसडलं, 'मी लहानपणी परदेशातून इथे आलो.' योनासच्या उच्चारांमुळे म्हणे प्रेक्षक गोंधळतील! वाक्य म्हणायचं नसेल तर भूमिका दुसऱ्याला जाईल, असंही बजावलं.

"तीस वर्षं मी इथल्या पावसात बसची वाट बघतोय, वृंदा," योनास मला म्हणाला. "आणि दोन तास इथला होऊ शकत नाही?"

पण दिग्दर्शकाला तो इथल्या लोकांसारखं फक्त "ग्रँड", म्हणजे ठीक आहे, म्हणाला आणि आठवडाभर तालमीत ते वाक्य निमूटपणे म्हणत राहिला. मला वाटलं, नमला बिचारा. वाईट वाटलं, पण भूमिका तर वाचली होती.

पहिल्या प्रयोगाला मी दुसऱ्या रांगेत होते. ती जागा आली आणि योनास गप्प. एक क्षण, दोन क्षण. विसरला! आता भूमिका हातची जाणार! मी पुढे वाकले आणि अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात ते वाक्य पुरवलं.

योनासने सावकाश माझ्याकडे पाहिलं. "नाही हो बाई," पोस्टमनच्याच आवाजात तो म्हणाला. "मी इथलाच."

लोक हसले, मग कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. नाटक पुढे गेलं. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

प्रयोग संपल्यासंपल्या दिग्दर्शकाने त्याला काढून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून कॉर्कचा एक आयरिश नट उभा राहिला. त्याच्यासाठी ते वाक्य गाळून टाकलं.

मी रडवेली होऊन योनासच्या दारात गेले. म्हटलं, सॉरी, माझं तोंड गप्प बसलं असतं तर कदाचित तू वाचला असतास.

"सॉरी कशाला म्हणतेस?" तो म्हणाला. "मी नुसता गप्प राहणार होतो. तू बोललीस, म्हणून मला सगळ्यांदेखत सांगता आलं."