ओली पट्टी

तुमच्या नडगीतून तीन वर्षं पू वाहत असता, तर तुम्ही शिडीवर चढला असता का? एक रंगारी चढत होता. शेवटी डॉक्टरांनी सडकं हाड खरवडून पोकळीत औषध भरलेला, हाडासारखा सच्छिद्र तुकडा बसवला. तो विरघळत जाईल तसं औषध तिथल्या तिथे मुरणार होतं.

पंधराव्या दिवशी पट्टी पुन्हा ओली झाली. आता डॉक्टर पाय कापतील या धास्तीनं त्यानं ती सोडून गादीखाली दडवली. बायकोच्या हाताला लागलीच.

"अहो, ओल्या भिंतीवर रंग फासणाऱ्यांना शिव्या घालता, आणि हे काय?"

"पू नाही गं, तुकडा विरघळतोय."

"तुम्ही कधी डॉक्टर झालात? उठा!"

तो जागचा हलला नाही. तुमच्या घरात असा कुणी असेल, तर हुज्जत घालू नका, दवाखान्यात न्यायला गाडी बोलवा.