नळीवरचं नाणं

आमच्या नगरा वस्तीतल्या शेजाऱ्यांइतका बंदुकीला भिणारा माणूस मी पाहिला नाही, आणि तेच चाळीस वर्षं लोकांना रिव्हॉल्वर चालवायला शिकवत आले. रेल्वेत गार्ड होते, रविवारी नेमबाजी क्लबच्या रेंजवर उस्ताद. वेळ आल्याशिवाय चापावर बोट ठेवायचं नाही, ही सवय इतकी भिनलेली की कात्री धरली तरी पहिलं बोट बाहेर सरळ. झाडांना पाणी घालताना कुणी समोर आलं की पाइप जमिनीकडे. माझा डबा परत देताना तीनदा उघडून बघायचे, रिकामाच आहे ना. मोठ गावी एका लग्नात वरातीत कुणी हवेत बार काढला, तर हे न जेवता परतले. म्हणाले, "वहिनी, वर गेलेली गोळी खाली कुठे आली, एवढंच विचारलं. कुणाला सांगता येईना."

मी शिकले चौथीपर्यंत, पण विचारायची खोड आहे. एकदा म्हटलं, "चाप एकच, मग दाबायचे प्रकार दोन कशाला?" त्यांनी रिव्हॉल्वर उघडून काडतुसांची सगळी घरं रिकामी दाखवली, मलाही बोट घालून बघायला लावलं, मग भिंतीकडे धरून सांगितलं. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा खटका, आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप जरा दाबला की सुटतो. न ओढता दाबला तर तोच चाप घोडा मागे नेतो आणि मग सोडतो. तो दाब लांब आणि जड, हात तिथेच हलतो. नजर नळीच्या टोकावरच्या माशीवर, नेम धरायच्या त्या बारक्या उंचवट्यावर ठेवायची, निशाण धूसर दिसलं तरी चालतं. ज्याला मारायचं त्याच्याकडे बघायचं नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

त्यांचा एक नियम होता. नव्या माणसाने रिकाम्या रिव्हॉल्वरच्या नळीवर रुपया ठेवून तो न पाडता दहा वेळा जड चाप दाबायचा. पडला तर काडतूस नाही. एका ठाणेदाराचा मेहुणा दोन महिने रुपयाच उचलत होता.

गेल्या हिवाळ्यात त्यांचाच हात थरथरू लागला. नवे लोक शिकायला येणार, त्याआधी ते माझ्या ओसरीवर आले. "घरी ही मोजते, पण पडलं तरी 'नहीं गिरा जी' म्हणते. तुम्ही सांगाल, वहिनी."

दोघांनी घरं तपासली. मग ते पाय फाकवून उभे राहिले, दोन्ही हातांनी मूठ आवळली, अर्धा श्वास सोडला. मी बाजूने रुपया ठेवला. तिसऱ्या दाबाला पडला.

"पडला," मी म्हणाले.

पुन्हा केलं. दुसऱ्यालाच पडला.

"घोडा ओढून घ्या की आधी. हलका दाब."

तसं केलं, दहाच्या दहा वेळा रुपया राहिला. मला वाटलं, झालं. ते रिव्हॉल्वर उघडून परत घरं बघत म्हणाले, "नियम जड चापाचा आहे. त्या मेहुण्याला काय तोंड दाखवू?"

त्यानंतर रेंजवर गेले नाहीत. रविवारी माझ्याकडे बसतात. मी सुई ओवत असले की सांगतात, "अर्धा श्वास सोडा, टोकाकडे बघा." ओवली जाते, हे खरं. तो रुपया कोनाड्यात पडून आहे. ते येताना बघतात, उचलत नाहीत. झाडताना मीही तेवढी जागा सोडते.