डाव्या गुडघ्याच्या वर दोन बोटं

आमच्या गल्लीत कोण गाडी शिकतंय हे विचारावं लागत नसे. चाल बघितली की कळायचं. सकाळी एखादा माणूस डावा पाय ओढत दूध आणायला निघाला, की समजावं हा कालपासून ढोपरमास्तरांकडे जातोय. उजव्या पायाने लंगडणारे वेगळे, त्यांना संधिवात असायचा.

ढोपरमास्तर माझे शेजारी, भिंतीला भिंत. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं एकट्याचं. एक गाडी, तीही दोनदा रंगवलेली, आणि एक लाकडी फूटपट्टी, पितळी कडेची. गाडीपेक्षा पट्टीचं नाव मोठं. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगवर, मास्तर डावीकडे, आणि पट्टी मास्तरांच्या मांडीवर. गिअर टाकून झाल्यावर पाय क्लचवर तसाच रेंगाळला की पट्टी बसलीच. डाव्या गुडघ्याच्या वर, मोजून दोन बोटं. तिथे हाडाला इजा होत नाही आणि पाय आपोआप उचलला जातो, हे मास्तरांचं शास्त्र. क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे, पाय ठेवून बसलास तर प्लेटा जळतील, हे त्यासोबतचं प्रवचन. मला स्वतःला बावीस पट्ट्या बसल्या. मोजल्या, कारण त्या वेळी करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

एका दणकट दूधवाल्याने सातव्या पट्टीला उलट्या हाताची ठेवून दिली आणि मास्तरांचा दात पाडला. मास्तरांनी खिडकीतून रक्त थुंकलं, दात खिशात टाकला आणि म्हणाले, "हं, आता दुसरा टाक." दूधवाल्याने मुकाट दुसरा गिअर टाकला.

मास्तर स्वतः शिकले होते जुन्या ट्रकवर. त्या ट्रकांना एकदा क्लच दाबून भागत नसे. दाबा, न्यूट्रल करा, सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा दाबा, मग गिअर, आणि हे सगळं एका श्वासात. चुकलं की चक्कीत खडा गेल्यासारखा आवाज यायचा आणि पाठोपाठ उस्तादाचा पाना बोटांवर. मास्तरांची दोन बोटं त्यामुळे कायमची वाकडी. एकदा डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल केलं, तर उस्तादाने दार उघडून लाथेने खाली ढकललं. कानामागे त्याची खूण आहे. खडीत पडल्या पडल्या मास्तरांनी पाहिलं, उस्तादाने ट्रक खालच्या गिअरमध्ये घेतला आणि इंजिनच्याच जोरावर उतारावर थोपवला. ही गोष्ट ते कौतुकाने सांगत. मार खाल्ला म्हणून जिवंत राहिलो, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो त्यांनी कुणाला तपासून बघू दिला नव्हता.

त्यांचा शेवटचा धडा असायचा परवाना कार्यालयाच्या चढावर. गाडी मधोमध थांबवायची. हँडब्रेकला हात लावायचा नाही. मास्तर उतरून गाडीच्या मागे जायचे आणि दोन्ही गुडघे बंपरला टेकवून उभे राहायचे.

"ब्रेकवर पाय ठेव," ते मागून सांगत. "पहिला टाक. आता क्लच सोड, दोरा सोडावा तसा. आवाज जड होईल, बॉनेट जरा नाक उचलेल. तिथे थांब. ब्रेक सोड. मागे माझी हाडं आहेत."

त्या एका जागी, अर्ध्या क्लचवर, गाडी ना पुढे जाते ना मागे. तीस वर्षांत एकाही शिकाऊने गाडी मास्तरांच्या अंगावर येऊ दिली नव्हती.

आता माझ्या दुसऱ्या भिंतीकडे येतो. तिथे चष्मेवाला राहायचा. बारीक, इस्त्रीचा, हळू बोलणारा. जगाला चष्मे लावणाऱ्या या माणसाला स्वतःच्या काचेशिवाय हाताची बोटं दिसत नसत, आणि काच लावूनही परवाना कार्यालयाच्या तक्त्यावरची अक्षरं वाचता येत नसत, म्हणून परवाना त्याला मिळाला नव्हता. आजूबाजूच्या गावांत फिरून चष्मे विकायचे तर गाडी कुणीतरी चालवायला हवी. त्याने बायकोला मास्तरांकडे धाडलं.

ती लंगडत यायला लागली. पुढे हातावर वळ दिसले, मग मानेवर. गल्लीने विचारलं की चष्मेवाला खेदाने मान हलवून म्हणे, काय करणार, मास्तरांची पद्धत. विनोद करायला माझ्यासारख्या माणसाला एवढं मिळालं की पुरे. मास्तरांनी आता गुडघ्यावरून मानेपर्यंत टॉप गिअर टाकला, हा विनोद मीच गल्लीभर फिरवला. गल्लीचे प्रश्न वाढले तशी चष्मेवाल्याने परवाना कार्यालयात मास्तरांविरुद्ध तक्रार नेली, तेव्हा मी खाली सहीही केली. सह्या करताना आम्ही हसत होतो.

इन्स्पेक्टरने तक्रारीची प्रत मास्तरांना दिली. तिची परीक्षा गुरुवारी होऊ दे, मग तुमच्या स्कूलचं बघतो, असं बजावलं. मास्तर प्रत घेऊन थेट माझ्या दारात. शिव्या देतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी मला खुर्चीत टेकून बसायला लावलं आणि स्वतः शेजारच्या खुर्चीत बसले.

"हे वाच," ते म्हणाले. "पाठीवर वळ, असं लिहिलंय. माझी पट्टी एक फुटाची. तुझी पाठ सीटला टेकलेली. मार बघू माझ्या पट्टीने तुझ्या पाठीवर."

मी पट्टी खांद्यावरून मागे नेऊन पाहिली, ती खुर्चीच्या पाठीला अडली.

"सही करायच्या आधी दुसऱ्या भिंतीला कान लावायचास."

कान लावायची गरज नव्हती. ते धपके मी महिनोन् महिने ऐकत होतो. कपाट सरकवत असतील, असं बायकोला सांगत होतो. दर आठवड्याला कपाट कोण सरकवतं, हे आमच्या हिने एकदा विचारलंही होतं. मी विषय बदलला होता.

मग आमची हीच चष्मेवाल्याच्या बायकोला हाक मारून घरी घेऊन आली. तिने सांगितलं ते थोडकंच. एका शाळेच्या व्हॅनवर तिला ड्रायव्हर म्हणून घेणार होते, सोबत राहायला खोली. अट एकच, परवाना हातात हवा. गुरुवारी पास झाली की त्या घरात तिला परत पाऊल टाकायचं नव्हतं. तोवर तोंड बंद ठेवायचं आणि मार खायचा, असं तिने ठरवलं होतं.

गुरुवारी सकाळी परीक्षेआधी चढावर एकदा सराव करायचा होता. मास्तरांनी मला मागच्या सीटवर बसवलं. गाडीत वजन असलं की चढ खरा कळतो, आणि तू दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा नाहीस, असं म्हणाले.

चढाच्या एका बाजूला कार्यालयाची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. मधे जेमतेम गाडीपुरता रस्ता. मास्तर मागे उभे राहिले. तिने क्लच सोडत आणला, बॉनेटने नाक उचललं, ब्रेकवरचा पाय निघाला. गाडी जागच्या जागी थरथरत राहिली.

तेवढ्यात मी मागच्या काचेतून चष्मेवाल्याला चढावर येताना पाहिलं. हातात दुकानाचं शटर ओढायची लोखंडी सळई. शाळेचं नोकरीचं पत्र त्याला आदल्या संध्याकाळी तिच्या पिशवीत सापडलं होतं, हे नंतर कळलं. तो ओरडला नाही. कपडे इस्त्रीचेच होते. त्याने सळई दोन्ही हातांत धरून मास्तरांच्या डाव्या गुडघ्यावर आडवी घातली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मास्तर बंपरखाली कोसळले. त्याने आणखी दोन घाव घातले, त्याच गुडघ्यावर.

मग तो पुढे आला. पहिल्या फटक्यात तिच्या बाजूची काच गेली. दुसरा तिच्या खांद्यावर. तिसऱ्याने समोरची काच फुटून माझ्या मांडीवर पाऊस पडला. मी काय केलं ते विचारू नका, मी सीटच्या मागे वाकलो. ती हलली नाही. हलली असती तर डावा पाय हलला असता, आणि गाडी मागे मास्तरांच्या छातीवरून गेली असती. कपाळावरून रक्त डोळ्यांत येत होतं आणि तिने दोन्ही पाय सळईच्या माराखाली तसेच धरून ठेवले होते.

तो आता बॉनेटसमोर उभा राहून सळई बडवत होता, उतर म्हणत होता. गाडीखालून मास्तरांचा आवाज आला, दातांत दाबलेला.

"ब्रेक लावू नकोस. रेस वाढवू नकोस. नुसता पाय सोड. दोरा."

तिने दोरा सोडला. गाडी चालत्या माणसापेक्षाही हळू पुढे निघाली. बंपर त्याच्या गुडघ्यांना टेकला, एखाद्याला बाजूला व्हा म्हणावं इतक्या हळुवारपणे. तो हसला. एक पाऊल मागे गेला. मग दुसरं. मग त्याला कळलं की बाजूला भिंत आहे, इकडे गटार आहे आणि गाडी थांबत नाहीये. त्याने सळई उगारली, तोल गेला, बॉनेटवर पालथा पडला. चष्मा घसरून चाकाखाली गेला. काचांचा चुरा झालेला मी ऐकला. आता आंधळ्यासारखा वायपर घट्ट धरून, पायाची बोटं टेकवत तो चढावर उलटा चालत होता. जोराने गेली असती तर तो खाली गेला असता. धक्का बसला असता तरी गेला असता. एकही धक्का बसला नाही. क्लच जळाल्याचा वास नाकात बसला होता. शंभर पावलं तिने त्याला तसा वर नेला.

कार्यालयाच्या फाटकाशी तिने ब्रेक लावला, न्यूट्रल केलं, हँडब्रेक ओढला. पायरीवर इन्स्पेक्टर हातात कागद घेऊन उभा होता. चष्मेवाला बॉनेटवरून घरंगळला. ती खाली उतरली, सळई उचलली आणि मारायला लागली. बोटं वगैरे मोजली नाहीत. तिघांनी धरेपर्यंत त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि तोंड ओळखू येत नव्हतं. पोलीस आले ते त्याला उचलूनच घेऊन गेले. दवाखान्यात तिचं कपाळ शिवून झाल्यावर त्यांनी आधी तिचा जबाब घेतला, मग माझा आणि मास्तरांचा.

इन्स्पेक्टर मोठा नियमाचा माणूस. काच फुटलेल्या गाडीवर परीक्षा घेता येत नाही, असं म्हणून त्याने पुढच्या गुरुवारची तारीख दिली. तो आठवडा ती आमच्याकडे राहिली. मी तक्रारीवरची माझी सही खोडायला गेलो, तर सही खोडता येत नाही म्हणाला, नवा अर्ज लिहा. लिहिला. विनोद न करता लिहिलेलं माझं ते पहिलंच काही.

ती पास झाली. परवाना दाखवायला दवाखान्यात गेली, मी सोबत होतो. मास्तरांचा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा गुडघा आता वाकणार नाही, म्हणजे क्लच या जन्मी संपला. मास्तरांनी परवाना उलटसुलट करून पाहिला. मग उशाशी ठेवलेल्या पट्टीकडे बघत, जणू पट्टीलाच विचारावं तसं विचारलं, "माझं मारणं वेगळं होतं ना, पोरी?"

तिने विचार करायला वेळ घेतला. "दुखायचं सारखंच, मास्तर," ती म्हणाली.

निघताना तिने स्कूल चालवायला मदत हवी का विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं.

आता सकाळ-दुपार ती शाळेची व्हॅन चालवते. संध्याकाळी मास्तरांची गाडी. शिकवणाऱ्याच्या जागेवर ती बसते, मास्तर मागे, पाय आडवा ठेवून. पट्टी डिकीत असते, टाकीत डिझेल किती आहे ते बघायला. आमच्या गल्लीत आता डाव्या पायाने लंगडत दूध आणायला जाणारा माणूस एकच उरलाय.

परवा मीही मागे बसलो होतो, वजन म्हणून. नवीन पोरगी शिकत होती, तिसरा टाकला आणि पाय क्लचवर तसाच ठेवला. मास्तरांचा हात वर गेला. हातात काही नव्हतं. तो क्षणभर तसाच हवेत राहिला, मग खाली आला तो त्यांच्याच ताठ गुडघ्यावर, दोन बोटं वर, जोरात. पुढच्या दोघींना कळलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, आणि घरी आल्यावर हे आमच्या हिलासुद्धा सांगितलं नाही.