मुठीत धरलेली खडी

नॉर्मन सग्डन मला पहिल्यांदा दिसला तो शेजारच्या हिल्डाच्या परसात, खडीच्या पोत्यापुढे उकिडवा बसलेला. मूठभर खडी घ्यायचा, आवळायचा, सोडायचा. मग गाडीवाल्याला म्हणाला, "परत ने ही. मुठीतून निसटते, ती पायाखाली काय थांबणार?"

शाळेत चाळीस वर्षं काढल्यावर मन लावून काम करणारा माणूस लांबूनही ओळखता येतो. चहा गार होईपर्यंत मी भिंतीपाशी उभी होते.

हिल्डा एक्याऐंशीची, काठी घेऊन चालणारी. तिच्या मुलानं, क्लाइव्हनं, परसातल्या फरश्यांच्या फटींत हौसेनं गुळगुळीत गोटे भरले होते. ते घरंगळत फरशीवर आले आणि हिल्डा पडली. मनगट मोडलं. पुन्हा पडलीस तर वृद्धाश्रम, असं क्लाइव्हनं सांगून टाकलं होतं.

"सिमेंटनं बुजवून टाक सगळं," तो नॉर्मनला म्हणाला.

"मग पाणी कुठं जाईल?"

"जाईल कुठंतरी."

"कुठंही जाणार नाही. जानेवारीत बर्फ होऊन इथंच बसेल, तुझ्या आईची वाट बघत."

"आई इथंच उभी आहे," हिल्डा दारातून म्हणाली. "तिलाही विचारा कधीतरी. मला खडी हवी."

दुसऱ्या दिवशी दगड फोडून केलेली बारीक, कोनदार खडी आली. ती मुठीतच अडकून बसली. नॉर्मननं फटी उकरल्या, खडीचा थर टाकला, लाकडी पट्टीनं ठोकला, पाणी मारलं, पुन्हा थर. फरशीच्या कडेखाली नखभर जागा सोडूनच तो थांबायचा.

"आठ दिवसांत ही खाली बसेल. मग वरून भरायची. तोवर कुणी पाय ठेवायचा नाही."

"आणि आईनं कपडे कुठं वाळत घालायचे?" क्लाइव्हनं विचारलं.

"तुझ्याकडे."

आठ दिवसांनी त्यानं वरचा थर भरला. मग हिल्डाची काठी मागून घेतली, सर्वांत रुंद फटीत टेकवली आणि तिच्यावर आपलं सगळं वजन टाकलं. नॉर्मन काही किरकोळ माणूस नव्हता. काठी तसूभरही रुतली नाही.

"जा आता."

हिल्डा निघाली. क्लाइव्ह हात पुढे करून तिच्या बाजूनं चालू लागला.

"हात खिशात घाल, क्लाइव्ह," ती म्हणाली. "मध्येच पायात येशील."

कपड्यांच्या दोरीपर्यंत जाऊन ती परत आली. क्लाइव्हनं बुटाच्या टोकानं एक फट दाबून पाहिली. "एखादं पोतं उरलंय का? माझ्या दारातही तेच गोटे आहेत," त्यानं हळूच विचारलं.

याला पाच वर्षं झाली. नॉर्मन आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. एक गुडघा बदललाय, त्यामुळे उकिडवं बसता येत नाही. दर एप्रिलमध्ये तो बुटक्या स्टुलावर बसून हिल्डाच्या फटींत अर्धी बादली खडी भरतो, आणि चहा हिल्डा स्वतः बाहेर आणून देते.