टेम्पोचं इंजिन, एकमताने

चालू गाडीचे किस्से होत नाहीत. गाडी बंद पडली, माणसं खाली उतरून बॉनेटभोवती उभी राहिली, की किस्सा सुरू होतो. नगर ते राहुरी रस्त्यावर ज्याच्या सावलीत आमचा एखादा किस्सा घडलेला नाही, असं झाड सापडायचं नाही. हे मैत्रिणींना सांगावं, तर त्या सगळ्या लग्नं होऊन पांगल्या. म्हणून तुम्हाला सांगते.

गाडीत आम्ही पाच. चौघे वडीलधारे आणि मी. नाना राहुरीच्या एका कचेरीत हेडक्लार्क. कदम सर तिथल्या शाळेत गणित शिकवतात. आबा रोपवाटिकेवर मुकादम आहेत आणि चांदभाई तिथेच ट्रॅक्टर चालवतात, म्हणून आमची गाडीही तेच चालवतात. मी एम.एस्सी. करून राहुरीतच माती तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले. घर राहुरीच्या पलीकडे बेलापूरला आहे. पण तिथे राहिलं की दर रविवारी पोह्यांच्या बशा घेऊन कुणासमोर तरी जावं लागतं, म्हणून नगरला खोली घेतली. खोलीत मी एकटी. प्रयोगशाळेत मी आणि मातीच्या पिशव्या. पिशव्यांवर शेतकऱ्यांची नावं असतात. कधी कधी मी ती मोठ्याने वाचते, कुणाला तरी हाक मारल्यासारखी. दिवसभरात माणसांची सोबत म्हणाल तर या गाडीत सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. बास.

*

आपल्या जिल्ह्यात चार माणसं एकत्र आली की संस्था होते. या चौघांनी एका कंत्राटदाराची जुनी काळी मोटार घेतली, तर तिचीही संस्था झाली. नाना चेअरमन. कुठलीही गोष्ट ठरवायची म्हणजे मीटिंग घ्यायची, सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, आणि ठराव एकमताने झाला पाहिजे. टायरमध्ये हवा भरण्याचासुद्धा ठराव मी पाहिला आहे.

एस.टी.ची वेळ जमेना म्हणून मी सभासद व्हायचं म्हटलं, तर नगरच्या दिल्ली दरवाजाजवळच्या चहाच्या दुकानात मीटिंग बसली. बाईमाणसाने बसायचं कुठे, हा विषय. मागे तिघांच्यात बसवणं बरं दिसत नाही. पुढे चांदभाईंच्या शेजारी बसवणंही बरं दिसत नाही. मी म्हटलं, "मग मला टपावर बांधा."

यावर कोणी हसलं नाही. नाना म्हणाले, "तशी वेळ येणार नाही."

शेवटी ठराव झाला. पुढची सीट मानाची, ती बाईंना. आणि बाई व चांदभाई यांच्यामध्ये पाचही जणांचे जेवणाचे डबे एकावर एक रचून ठेवायचे. त्या डब्यांच्या भिंतीशेजारी मी दोन वर्षं प्रवास करते आहे. चांदभाईंची फक्त टोपी दिसते.

*

तेव्हा गाडी पेट्रोलवर होती आणि अजिबात आवाज करायची नाही. मी बसले, दार लावलं, की मागचे तिघे गप्प. विळद घाट गप्प, देहरे गप्प, राहुरीपर्यंत गप्प. आठवड्यातून एकदा कदम सर विचारायचे, "काय, बेलापूरकडे पाऊसपाणी?" दुष्काळाचं वर्ष. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं बसलेली. मी म्हणायची, "नाही." झालं संभाषण.

एकदा आबांना राहवेना. "आरं, काल आमच्या गावात लई गंमत झाली. त्यो सोपान हाय का, त्यो बायकूच्या..." एवढं बोलले आणि थांबले. मग हळूच, "ऱ्हाऊ द्या. म्होरं बाई हायती."

मी वळले. "आबा, सांगा ना. सोपान काय?"

"काय न्हाई. सोपान बरा हाय."

मी भडकले. म्हटलं, "मी आहे म्हणून तुम्ही गप्प बसता हे मला कळतं. मी काही देवघरातली मूर्ती नाही. बोला ना मोकळेपणाने!"

नाना शांतपणे म्हणाले, "छे, छे. आमचं एरवीही फारसं बोलणं नसतं."

पुढच्या आठवड्यात दोन दिवस मला रजा घ्यावी लागली. परत आले, तर चांदभाई काच पुसता पुसता सांगत होते, "परवा हे तिघं इतके हसले, की मी राहुरीचा फाटा सोडून पुढं गेलो."

सोपानचं काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही.

*

दुष्काळ संपला आणि पेट्रोल कडाडलं. गाडीत डिझेल इंजिन बसवायचं ठरलं. कोणतं बसवायचं, यासाठी बाबू मिस्त्रीच्या गॅरेजात, ऑइलच्या डब्यांवर बसून मीटिंग झाली.

बाबू मिस्त्रीकडे दोन इंजिनं होती. एक उलटलेल्या टेम्पोतून काढलेलं. ताकद भरपूर, पण धड धड असा आवाज, की शेजारच्या दुकानातल्या काचा थरथरायच्या. दुसरं मुंबईच्या बंदरावरून आलेलं, एका लाँचचं. तब्येतीने नाजूक, चढाला जरा दमणारं, पण आवाज शिवणयंत्राइतका.

आबांनी तिसरं सुचवलं. "माज्या मळ्यात हिरीवरचं इंजान पडून हाय. सारा मळा भिजवायचं त्ये. तुमास्नी राहुरीला न्यायला काय हरकत हाय त्याची?"

कदम सर म्हणाले, "आबा, ते एका जागी उभं राहून चालतं."

"मग ही आपली गाडी तरी काय करती?"

मी पदवीला फिजिक्स घेतलं होतं. उभी राहिले आणि सगळं समजावून सांगितलं. टेम्पोचं इंजिन जड आहे, पुढच्या स्प्रिंगा बसतील, हादऱ्याने दारं निखळतील. लाँचचं हलकं आहे. रस्त्यात घाट एकच, तो कमी गिअरमध्ये हळूहळू चढता येईल. शिवाय ते शांत आहे, पाच माणसं गाडीत बसून चार गोष्टी बोलू शकतील. हे शेवटचं वाक्य मी तिघांकडे एकेक करून बघत म्हटलं.

नाना म्हणाले, "बाईंची सूचना चांगली आहे. आबा, तुमचं काय?"

आबांनी दोन्ही इंजिनं चालू करायला लावली आणि डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, "इंजान हाय म्हनल्यावर वाजलं पायजे. गप बसनाऱ्याचा आपल्याला भरवसा न्हाई."

"सूचक आबा," नाना म्हणाले. "अनुमोदक?"

कदम सरांनी बोट वर केलं. ते गणिताचे. मला त्यांच्याकडून आशा होती.

"टेम्पोचं इंजिन, एकमताने मंजूर."

"नाना, मी विरोधात आहे."

"हो, हो. तुमच्यासह एकमताने."

*

पहिल्याच दिवशी भिंत कोसळली. डब्यांची. हादऱ्याने सगळ्यात वरचा डबा निसटला आणि कदम सरांची आमटी चांदभाईंच्या विजारीवर सांडली. तेव्हापासून डबे सुतळीने बांधतो.

दुसऱ्या दिवशी देहऱ्याच्या थांब्यापाशी एक म्हातारी वांग्यांची पाटी घेऊन उभी होती. आमचा आवाज ऐकून तिने लांबूनच हात केला. चांदभाईंनी काय झालं म्हणून गाडी थांबवली, तर तिने मागचं दार उघडून पाटी सरळ नानांच्या मांडीवर ठेवली.

"बाजारापत्तुर सोडा."

नाना म्हणाले, "आजी, ही खाजगी मोटार आहे."

म्हातारीने गाडीकडे नीट पाहिलं. "मंग टेम्पोवानी कशापायी वरडती?"

पाटी राहुरीपर्यंत नानांच्या मांडीवर गेली. चेअरमन असल्यामुळे.

*

मी मात्र मीटिंगपासून रुसले होते. काचेबाहेर बघत बसायची. दोन-तीनदा नानांनी मागून हाक मारली, "बाई, खिडकी थोडी वर घेता का?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एकमताने निर्णय घेता, तर खिडकीही एकमताने वर घ्या.

नाना शेजारच्या दोघांना म्हणाले, म्हणजे ओरडलेच, "बाईंना तिथं काही ऐकू येत नाही. इंजिनावरच बसल्यात ना त्या."

"व्हय," आबा ओरडले. "बिचारी."

आणि दोन मिनिटांनी आबांनी गावातल्या भांडणाचा असा एक किस्सा सुरू केला, की तो मला इथे लिहिता येणार नाही.

मी बसल्या जागी दगडासारखी. हसू दाबून दाबून बरगड्या दुखायला लागल्या. शेवटी खांदे हलायला लागले, आणि नेमका त्याच क्षणी चांदभाईंनी अॅक्सिलरेटर दाबला. रस्ता सपाट होता, पुढे कोणी नव्हतं, गरजच नव्हती. इंजिन गरजलं आणि माझं फुटलेलं हसू त्यात बुडून गेलं.

डब्यांच्या पलीकडे फक्त टोपी दिसत होती. ती जरासुद्धा हलली नाही.

त्या दिवसापासून गाडीत रोज बैठक रंगते. तिघे गळ्याच्या शिरा ताणून बोलतात. मी खिडकीबाहेर बघत असते.

*

माझाही विषय निघतो. एकदा आबांनी ओरडून सांगितलं, त्यांच्या पाहुण्यात एक मुलगा आहे, बाईंना शोभेल.

"विचारा की मग," कदम सर.

"म्या? माजं डोस्कं फोडंल ती. तुमी मास्तर हाय, तुमी इचारा."

"मी नाही. नाना चेअरमन आहेत."

नाना ओरडले, "हा विषय तहकूब."

नंतर थंडीत मी तापाने आजारी पडले. खोलीवर चार दिवस एकटीच होते. घरमालकीण दाराबाहेर पेजेचा वाडगा ठेवायची आणि कडी वाजवून निघून जायची. पाचव्या दिवशी गाडीत येऊन बसले. नानांनी "बरं आहे का?" एवढंच विचारलं. गाडी सुरू झाल्यावर मागून आबांचा आवाज आला, "चार दिस बाई न्हवती, तर गाडी कशी मोकळी मोकळी वाटत हुती."

"हो ना," नाना ओरडले. "बसवत नव्हतं."

*

हा किस्सा लहान आहे. विळद घाटात चढावर इंजिन सगळ्यात जास्त गरजतं. एका सकाळी नेमकं तिथेच नाना कदम सरांना म्हणाले, "घरी माझ्याशी कोणी बोलत नाही हो."

"काय?"

नाना आणखी मोठ्याने, "म्हटलं, घरी माझ्याशी कोणी बोलत नाही!"

"काय म्हणालात?"

गाडी चढ चढून वर आली. इंजिन जरा शांत झालं.

"काही नाही," नाना म्हणाले. "ढग आलेत म्हटलं."

मला स्पष्ट ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा.

*

या उन्हाळ्यात बाबू मिस्त्री स्वतःहून आला. लाँचचं ते इंजिन त्याने एका दुसऱ्या गाडीत बसवून पाहिलं होतं, आणि त्या गाडीवाल्याला ते नको होतं. म्हणाला, टेम्पोचं मला द्या, हे तुम्ही घ्या. आधी बसून तर बघा.

रविवारी सकाळी आम्ही पाचही जण त्या गाडीत बसून विळद घाटापर्यंत जाऊन आलो. इंजिन लोण्यासारखं. घाट दमत दमत, पण चढलं. रस्त्याकडेच्या बाभळीवर पाखरं बोलत होती, तीसुद्धा ऐकू आली. कदम सर एकदा खाकरले आणि लगेच गप्प झाले. परत येताना त्यांनी विचारलं, "काय, बेलापूरकडे पाऊसपाणी?"

मी म्हटलं, "अजून नाही."

मग गॅरेजात मीटिंग. नानांनी घसा साफ केला. "बाईंचं म्हणणं पहिल्यापासून बरोबर होतं. आम्ही तेव्हा ऐकलं नाही, ही आमची चूक. बाई पुढे त्या इंजिनावर बसतात, त्यांना एक शब्द ऐकू येत नाही. दोघा-तिघांनी एवढं बोलावं आणि त्यांनी मुक्यासारखं बसावं, हे बरं नाही."

वडीलधाऱ्या माणसांनी चूक कबूल केल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. दुसरा कुठलाही दिवस असता, तर मी पेढे वाटले असते.

"सूचक मी स्वतः," नाना म्हणाले. "अनुमोदक?"

आबांनी नाराजीने का होईना, पण हात वर केला. "बाईसाटी."

"लाँचचं इंजिन, एकमताने..."

"माझा विरोध आहे," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबू मिस्त्रीच्या हातातला पाना तसाच राहिला. नाना म्हणाले, "अहो, पण हे इंजिन तुम्हीच सुचवलं होतं. हलकं आहे म्हणालात. शांत आहे म्हणालात."

"म्हटलं होतं."

"मग आता काय झालं?"

मी आबांकडे पाहिलं. "गप्प बसणाऱ्याचा मला भरवसा नाही."

आबांनी मांडीवर थाप मारली. "बगा! म्या काय म्हनत हुतो?"

कदम सर म्हणाले, "पण बाई, फिजिक्सप्रमाणे..."

"सर, एकमत पाहिजे ना? माझं नाही."

नानांनी चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. चांदभाईंकडे जरा जास्त वेळ, कारण गाडी तेच चालवतात. चांदभाई टोपी काढून झटकत होते. म्हणाले, "मला टेम्पोची सवय झालीये."

"ठराव फेटाळला," नाना म्हणाले. "एकमताने."

सोमवारी सकाळी दिल्ली दरवाजाशी गाडी उभी होती. डबे बांधले, मी पुढे बसले, दार लावलं. मागे तिघे बसले. चांदभाईंनी गाडी सुरू केली. पण गिअर टाकला नाही. जागेवरच अॅक्सिलरेटर दाबून ठेवला, बराच वेळ. डब्यांची झाकणं वाजायला लागली.

मागून आबा ओरडले, "बाईला ऐकू जात न्हाई ना?"

"कुठलं जातंय," नाना ओरडले.

मी काच थोडी वर घेतली.