कीपरला आराम

ऑफिसातल्या एका मित्राने मला बेसबॉलच्या गेमचा नाद लावला. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण या गेममध्ये बॅट हातात घ्यायचीच नसते. आपण फक्त कोण खेळणार ते सांगायचं. मॅच कॉम्प्युटर आपला आपणच खेळतो आणि सकाळी निकाल दाखवतो. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून मी घरूनच काम करतो, ठाण्यातल्या आमच्या बाळकुमच्या बाहेर क्वचितच पडतो. त्यांच्या पलंगाशेजारी बसून खेळता येईल असा हा एकच खेळ होता.

पहिल्याच सीझनला माझा संघ तळाला गेला. बेसबॉलचा कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, असं मी धरून चाललो होतो. गावच्या टेनिस बॉल टीममध्ये मी कित्येक वर्षं कीपिंग केलंय. बोलर बदलतात, कीपर बदलत नाही. ग्लोव्ह्ज एकदा तुमच्या हातात आले की दुसरा कोणी मागायलाही येत नाही. पण बेसबॉलमध्ये जवळजवळ रोज मॅच असते. रोज उकिडवं बसून बसून माझा कॅचर पार पिचला. सोपे बॉल सोडायला लागला, बॅटला बॉल लागेना.

मित्र म्हणाला, "अरे, ऑटोवर टाक ना त्याला. थकला की आपोआप बदली. तुला बघायलाच नको."

मला ते पटेना. माझा खेळाडू कधी बाहेर बसणार हे मशीन ठरवणार? बाबांनाही पटलं नाही. त्यांचं तोंड थोडं वाकडं झालंय, पण मतं शाबूत आहेत. म्हणाले, "कीपर काढतात का रं कुठं?"

त्याच दिवसांत माझी कंबर धरली. बाबांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, पुन्हा पलंगावर, हे सगळं मी एकटा करत होतो. एका सकाळी उचलताना कंबरेत उसण भरली आणि आम्ही दोघंही पलंगावर कोसळलो. लागलं नाही, पण मी घाबरलो. खाली फरशी असती तर?

शहाडला राहणारी माझी ताई दर फोनला म्हणायची, "गरज लागली की सांग, मी येते." मी म्हणायचो, "सांगतो." गरज रोजच होती. पण तिचं घर, तिची सासू, तिची नोकरी. शिवाय मदत मागितली की आपण हरलो असं मला वाटायचं. आणि न सांगता हिला कळत कसं नाही, म्हणून तिच्यावरच चिडायचो.

शेवटी वैतागून कॅचरला ऑटोवर टाकलं. दुसऱ्या सकाळी बघतो तर तो बाहेर, राखीव कॅचर खेळलेला, आणि आम्ही हरलेलो. पण पुढच्या मॅचला आमचा गडी परत आला आणि त्याने बॉल थेट मैदानाबाहेर भिरकावून आम्हाला जिंकवलं. मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. आनंद जिंकल्याचा नव्हता. त्याला आराम मागावा लागला नव्हता, याचा होता.

तसाच ताईला फोन लावला. "ताई, मी सांगायची वाट बघू नकोस. दर रविवारी ये. मी नको म्हटलं तरी ये. आणि दाजींनापण आण, उचलायला."

ताई म्हणाली, "एवढंच ना? अरे, मला वाटायचं तुला आमची लुडबुड नको."

रविवारी बेल वाजली. आधी फोन नाही, मेसेज नाही. दाजींनी बाबांना अलगद खुर्चीत घेतलं, ताईने चहा टाकला आणि मला माझ्याच खोलीत ढकलून दार लावून घेतलं. मी आडवा झालो. इतकं हलकं वाटलं की डोळेच भरून आले.

बाहेरून बाबांचा आवाज आला, "तो कुठंय?"

"त्याला आज आराम दिलाय, बाबा," ताई म्हणाली.

मला वाटलं, बाबा आता म्हणणार, कीपर काढतात का कुठं. मी कान टवकारले.

"बरं केलंस," ते म्हणाले. "कधीचा खेळतोय."