उंच मुलगी पाहिजे

माझी उंची पाच फूट सहा इंच. सोलापुरात असताना या उंचीनं लग्नाच्या बाबतीत माझं नुकसान केलं आणि बास्केटबॉलच्या बाबतीत भलं केलं. खेळाडू म्हणून मुंबईच्या एका सरकारी कचेरीत नोकरी लागली, आणि तिथल्या महिला संघात मीच सगळ्यांत उंच निघाले. संघाच्या दृष्टीनं ही फार वाईट बातमी होती. दुसऱ्या कचेऱ्यांच्या मुली माझ्या डोक्यावरून चेंडू काढून न्यायच्या आणि मी खालून त्यांची कोपरं बघत राहायची.

ही गोष्ट आणीबाणीच्या जराशी आधीची. आमचे प्रशिक्षक फौजेतून निवृत्त झालेले होते. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. मिशी भरघोस, बोलणं तुटक. एका संध्याकाळी सराव मध्येच थांबवून त्यांनी मला हाक मारली.

“तू सोलापूरची ना? तिथल्या कॉलेजात एक मुलगी आहे म्हणतात. पाच फूट अकरा.”

“सर, सोलापुरात एवढी उंच फक्त गिरणीची चिमणी आहे.”

“उद्या निघू,” सर म्हणाले.

घाईला कारण होतं. महिन्याभरात सगळ्या कचेऱ्यांची खेळाडूंची भरती निघायची होती आणि आणखी दोन संघ या मुलीच्या मागावर होते. तिच्यात खरंच काही आहे की नुसतीच उंची आहे, हे ज्याला आधी कळेल आणि तिच्या घरच्यांचा होकार जो आधी मिळवेल, त्याच्याकडं ती जाणार होती.

कॉलेजचं मैदान सिमेंटचं होतं. खांबाला लोखंडी कडं तेवढं शिल्लक होतं, जाळी कधीच गेली होती. सर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले, मी शेजारी उभी. मुलगी ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही. बाकीच्या मुली चेंडूसाठी उड्या मारत होत्या, आणि ही फळीवरचा डबा काढावा तसा चेंडू वरच्यावर काढून घेत होती. पण घेतला की लगेच दुसरीच्या हातात देऊन टाकायची. चुकून शेजारणीची वस्तू आपल्याकडं आली असावी, तसा.

“हात?” सरांनी मला विचारलं.

“चांगले आहेत.”

“पाय?”

“हलके.”

“मग खटकतंय काय?”

“वाकते, सर.”

हे मला कुणी सांगायला नको होतं. माझे स्वतःचे कॉलेजातले सगळे ग्रुप फोटो गुडघे वाकवून काढलेले आहेत. ही तर माझ्याहून पाच इंचांनी जास्त. खांदे पुढं, मान आत, आणि कड्याखाली पोचली की जास्तच लहान व्हायची.

सर म्हणाले, “उद्या पारखू. आज वडिलांना भेटून घेऊ.”

कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी शिपायाला सायकलवरून तिच्या घरी पिटाळलं. निरोप दिला, ‘मुंबईचे पाहुणे संध्याकाळी मुलगी बघायला येणार आहेत.’ निरोपात खोटं काहीच नव्हतं. मुलीला मात्र सराव संपवून सावकाश ये म्हणून सांगितलं.

शुक्रवार पेठेत पुढं दुकान आणि मागं घर. दुकान दोरखंड, सुतळी आणि गोणपाटाचं. वडील कपाळाला विभूती लावून, धुतलेला सदरा घालून दारातच उभे होते. त्यांच्या मागून त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या, पुढं आली. “बर्री, बर्री, कूडरी,” म्हणत तिनं आम्हाला आत नेऊन बसवलं. पलंगावर घडी मोडलेली नवी चादर होती. आम्ही टेकतो न टेकतो तोच बशा आल्या. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला, कडेला शेंगाची चटणी, वरून खोबरं. खेळाचा प्रशिक्षक आल्यावर कुणी इतकं करतं? मला जरा शंका आली, पण सुशीला गरम होता.

आत्यानं मला नखशिखान्त न्याहाळलं. “ही तुमची लेक व्हय?”

“लेकीसारखीच,” सर म्हणाले. “माझ्या हाताखालीच तयार झाली.”

वडिलांनी घसा साफ केला. “आधीच सांगतो पाहुणे, पोरगी उंच हाय. मागनं बोल नको.”

“आम्हाला उंचच पाहिजे. त्यासाठी तर मुंबईहून आलो.”

स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातातून पळी पडली. आत्यानं पदर डोळ्यांना लावला.

वडील चाचरत म्हणाले, “आणि जरा सावळी बी हाय.”

“रंगाचं काय करायचंय? दम पाहिजे. पळता आलं पाहिजे.”

“पळायला कशाला?”

“घर मोठं असंल की रे,” आत्यानं भावाला समजावलं.

इथं घोळ माझ्या ध्यानात आला. मी सरांची बाही ओढली. पण वरिष्ठ बोलत असताना बाही ओढणं फौजेत बसत नसावं, त्यांनी हात झटकला.

“घरात माणसं किती?” वडिलांनी विचारलं.

“अकरा जणी आहेत. ही बारावी.”

“अकरा... जणी?”

“एका वेळी लागतात पाचच. बाकीच्या बसून असतात. ही आली की या बिचारीला बसावं लागेल.” सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. आत्या माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागली की मला घर सोडून पळून जावंसं वाटलं. सर रंगात आले होते. “आमची पंचाईत एकच. लग्न झालं की मुली निघून जातात. म्हणून तुमच्याकडून शब्द हवा. निदान चार वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही.”

वडील ताडकन उठले. “ओ पाहुणे! तुमी हाय तरी कोण?”

तेवढ्यात चौकटीखालून वाकून मुलगी आत आली. काखेत चेंडू, पायात धुळीनं भरलेले कॅनव्हासचे बूट. तिनं नवी चादर बघितली, बशा बघितल्या, आत्याचे ओले डोळे बघितले. मग उंबऱ्यावरच बसून पोट धरून हसायला लागली.

“अप्पा, हे बास्केटचे लोक आहेत. मला नोकरी द्यायची का नाही ते बघायला आलेत!”

“म्हंजे मुलगा न्हाईच?”

आता कुठं सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते मिशीपर्यंत लाल झाले आणि सावधानमध्ये उभे राहिले. “माफ करा. मुलगा आहे मला. पण तो नववीत आहे.”

पहिल्यांदा हसली ती आत्या. “एत्तर हुडुगी बेकंत!” असं भावाला कानडीत म्हणाली आणि मग आमच्यासाठी मराठीत, “मुलगा नसंना का. उंच पाहिजे म्हणणारं एक तरी माणूस दारात आलं की!”

वडिलांना मात्र हसू येत नव्हतं. गेली दोन वर्षं आलेला प्रत्येक पाहुणा पोरीला उभं करून, वर बघून परत गेला होता. त्यांनी बशा उचलून एकावर एक ठेवल्या. मग म्हणाले, “खेळायचा पगार देतात म्हणता. मग खेळती काय ते मला बघू द्या. उद्या येतो मी.” पोरगी सहा वर्षं खेळत होती, पण ते मैदानावर एकदाही गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून ते आत्याला टांग्यातून घेऊन आले. आल्याआल्या त्यांचं लक्ष त्या कड्याकडं गेलं.

“चेंडू आतनं गेला का बाहेरनं, कळतं कसं?”

“कळतं, अप्पा,” मुलगी म्हणाली.

“मला न्हाय कळत.”

टांगा परत दुकानाकडं गेला आणि सुतळीचा गुंडा घेऊन आला. वडिलांनी लिंबाखाली मांडी घालून तिथंच जाळी विणायला घेतली. बोटं अशी चालत होती की सरसुद्धा बघत उभे राहिले. मुलीनं स्टुलावर चढून ती बांधली आणि मग एकदाचा खेळ सुरू झाला.

सरांनी शिट्टी स्वतःकडं घेतली. मी मनात म्हटलं, आता हिची धडगत नाही. ही सरांची जुनी परीक्षा होती. मुद्दाम चुकीचे निर्णय द्यायचे आणि मुलगी खचते का बघायचं. मला त्यांनी अशाच परीक्षेत रडवलं होतं. पहिली शिट्टी वाजली, मुलीनं गुपचूप हात वर केला. दुसरी वाजली, तिनं खांदे उडवले. तिसरी शिट्टी इतकी उघड खोटी होती की वडील उठून थेट रेषेवर आले.

“ओ शिट्टीवाले! शिवली बी न्हाय ती तिला!”

“आपण खाली बसा.”

“बसतो की! पण नीट बघा जरा. दुकानात मी असं माप घातलं तर गिऱ्हाईक पायरी चढणार न्हाय!”

सगळं मैदान हसायला लागलं. मुलगी वळून वडिलांकडं बघत राहिली. आपल्या बाजूनं अप्पा भांडतायत, हे तिला नवीन असावं. पुढचा चेंडू हातात आल्यावर तिनं तो कुणालाच दिला नाही. दोघींच्या मधून निघाली, सरळ ताठ झाली, आणि उडी मारली. राग आला म्हणून की हसू आवरायला म्हणून, मी अजून सांगू शकत नाही. चेंडू कड्यातून बरोबर आत गेला आणि तिथंच राहिला. अप्पांची वीण इतकी घट्ट होती की चेंडू खाली येईना.

“आता कळालं की!” वडील सगळ्यांना ओरडून सांगत होते.

मुलीनं उडी मारून खालून गुद्दा घातला, तेव्हा कुठं तो सुटला.

खेळ संपल्यावर सरांनी मला कॉलेजबाहेरच्या टपरीवर नेलं. चहा आणि भजी मागवली.

“बोल,” ते म्हणाले. “ही आली तर तू बाकावर. विचार करून बोल.”

मी भजं मोडलं आणि तसंच बशीत ठेवलं. चोवीस वर्षांची होते. बाकावर बसण्याची हौस कुणाला असते? पण तिसऱ्या शिट्टीनंतरची ती उडी मी बघितली होती, आणि तसली उडी मला जन्मात मारता आली नसती.

“घ्या, सर,” मी म्हटलं.

सरांनी आणखी एक प्लेट भजी मागवली. यापलीकडची शाबासकी त्यांच्याकडं नसायची.

वडिलांनी होकार दिला, पण मुलगी माझ्याच खोलीवर राहील या अटीवर. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दोन संघांचे लोक तिच्या घरी गेले, तेव्हा आत्यानं त्यांना म्हणे उंबऱ्याबाहेरच विचारलं, “मुलगा हाय का बास्केट?” बास्केट म्हटल्यावर ताक देऊन परत पाठवलं.

जूनमध्ये ती मुंबईला आली, आणि आमच्या पारखण्यातली खोट दुसऱ्याच दिवशी उघडी पडली. सरांनी हात बघितले होते, पाय बघितले होते, शिट्ट्या मारून मन बघितलं होतं. सकाळी उठते का, हे कुणीच विचारलं नव्हतं. सराव पहाटेचा असायचा आणि ही मुलगी भूकंपानंही जागी झाली नसती. खाटेत तिचे पाय मावत नव्हते, म्हणून मी पायथ्याशी माझी ट्रंक लावली होती. तिच्यावर पाय पसरून ती राणीसारखी घोरायची.

त्या मोसमात आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो आणि थोडक्यात हरलो. सगळ्या वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं. मी बाकावरून सगळं नीट बघितलं. खरं सांगायचं तर बाकावर मला फार झोप यायची. रोज पहाटे ट्रंक ओढून, तिचे ते लांबलचक पाय खाली सोडून, पाठीला गुडघा लावून तिला बसतं करायचं म्हणजे माझा त्या दिवसाचा खेळ तिथंच झालेला असायचा.